भाड्याचं रडणं

"अहो बाबा, चहा गार होतोय हो! उठा ना!" असा टाहो फोडून छाय मावशीने कपाळ फरशीवर आपटलं, आणि तालुका रुग्णालयाच्या दालनात जमलेल्या बायका हळहळल्या.

आपटलं म्हणजे तसं आपटलं नव्हतं. कपाळ फरशीच्या बोटभर वर थांबायचं आणि आवाज यायचा तो पांढऱ्या झग्याच्या बाहीआड दडवलेल्या तळहाताचा. तिच्या शेजारी बसून सनई वाजवण्यात माझी निम्मी हयात गेली, म्हणून मला ठाऊक. शीखौ गावात कुणाचंही मयत असो, रडायला छाय मावशी आणि फुंकायला मी, पेई. ती कशी रडायची ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतो. वरच्या वाडीत एकदा ती रडली, तेव्हा मयताच्या घरच्या डुकरांनी दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. मालकाने नंतर डुकरांच्या घटलेल्या वजनाची भरपाई मागितली. ती त्याला मिळाली नाही, पण त्याने मागितली हे लक्षात ठेवा. आमच्याकडे मागायला कुणी लाजत नसे.

त्या दिवशी मयत होतं यिन आजोबांचं. नदीकाठी बदकं पाळणारा म्हातारा. औषधांच्या खिडकीसमोर दोन बाकांवर दाराची फळी टाकून त्यांना निजवलं होतं. अंगात एकावर एक सात निळे अंगरखे, पायात नवे कापडी जोडे, तोंडावर पिवळा कागद. मागे कागदी फुलांची मोठाली चक्रं आणि वर पांढरं फडकं: 'आमच्या बापाचा जीव परत द्या'. फळीच्या पायथ्याशी डॉक्टर शुए गुडघे टेकून बसला होता. बसवला होता म्हणा. पोरगेला डॉक्टर, त्याच्या कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधून, समोर वॉर्डातलंच घमेलं ठेवून त्याला मयताच्या नावाने कागदी नोटा जाळायला लावलं होतं. त्याची मान जी खाली होती ती वर येतच नव्हती.

हे सगळं जमवून आणलं होतं मेंगने. मेंगचा धंदा काय, असं परगावच्या माणसाने विचारलं तर सांगणं अवघड होतं. रुग्णालयाच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर तो बसलेला असायचा. आतून कुणी रडत बाहेर आलं की तो उठायचा, पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "भाऊ, असं गपचूप गेलात तर ते उद्या दुसऱ्याला मारतील." पुढचं सगळं तो बघायचा. फळी, चक्रं, फडकं, गर्दी, मावशी, मी. थोडा गोंगाट केला तर थोडं मिळतं, मोठा केला तर मोठं मिळतं, आणि तोंड मिटून बसणाऱ्याला मिळतात त्या फक्त औषधांच्या रिकाम्या बाटल्या, हे आमच्या गावात पोरं पाढ्यांच्या आधी शिकत.

यिन आजोबांच्या बाबतीत झालं ते असं. छातीत कफ साचून ते आठवडाभर दवाखान्यात होते. डॉक्टर शुएने सांगितलं, आता घरी न्या. आमच्याकडे शेवटचा श्वास स्वतःच्या घरात घेतला पाहिजे, म्हणून मुलाने, गुओलियांगने, घाईने त्यांना तीनचाकीत घातलं. अंगरखेसुद्धा वाटेतच चढवले. कारण उघड्याने गेलेला माणूस वर कायमचा उघडा राहतो. पण पुलापाशी श्वास थांबला. आता आली पंचाईत. वाटेत गेलेल्याला घराचा उंबरा ओलांडू देत नाहीत. गुओलियांग भर थंडीत पुलावर बापाला घेऊन उभा. ना घर, ना दार. तेवढ्यात मेंग पोचलाच. त्याने आरशाचा तुकडा म्हाताऱ्याच्या नाकापुढे घाईघाईत धरला, पुसला, खिशात घातला आणि म्हणाला, "गाडी फिरव. ज्यांनी मारलं त्यांच्याच दारात ठेवू."

तर असे आम्ही तिथे होतो.

"बघा हो, बघा," एक जाडी बाई गर्दीत सांगत होती, "ह्या डॉक्टरांना पैशाचं लाल पाकीट दिलं नाही ना, तर सुई पण बोथट टोचतात. माझ्या नणंदेला विचारा."

"पण काकू, डॉक्टर तर अगदी पोर दिसतोय," एक म्हातारा म्हणाला. "माझ्या नातवाएवढा."

"मग? नातवाएवढा आहे म्हणून माणसं मारायची सूट?"

"तसं नाही..."

"तुम्ही कुणाचे हो? रुग्णालयाचे?"

म्हातारा दोन पावलं मागे सरला. त्या दालनात रुग्णालयाचं असणं म्हणजे खुनी असण्यापेक्षा वाईट.

सौदा तिथेच, फळीच्या उशाशी चालला होता. एका बाजूला मेंग आणि गुओलियांग, दुसऱ्या बाजूला उपअधीक्षक. हा गृहस्थ दर दोन वाक्यांनी चष्मा पुसायचा. मेंगने वीस लाख युआनपासून सुरुवात केली. उपअधीक्षक तीनवर होता.

"तीन?" मेंग ओरडला. "तीन लाखांत आजकाल म्हैस येत नाही!"

"मेंगसाहेब, वय पाहा ना त्यांचं. एक्याऐंशी."

"म्हणजे जुना माल म्हणून भाव कमी? ऐकलंत का लोकहो, काय म्हणतात हे?"

लोक खवळले. मेंगने मावशीकडे बोट हलवलं. म्हणजे आवाज चढव. मी सनईत हवा भरली आणि मावशीने दुसरं कडवं धरलं: मायाळू बाप, दयाळू बाप, कधी हात उगारला नाही असा बाप. हे कडवं ती सगळ्यांच्याच बापाला लावायची. मटक्याच्या अड्डेवाल्या झूच्या बापालाही लावलं होतं, आणि तेव्हा खुद्द झूसुद्धा चकित झाला होता.

उपअधीक्षक आठवर आला. मेंगने गुओलियांगकडे पाहिलं. गुओलियांग आपल्या चिखलाच्या बुटांकडे पाहत होता. चांगला माणूस हो. बदकांना नावाने हाक मारणारा माणूस. पण सकाळपासून त्याला इतक्या लोकांनी सांगितलं होतं की तुझा बाप ह्यांनी मारला, की त्याला रडायलासुद्धा उसंत मिळाली नव्हती.

"चालेल," तो म्हणाला.

करार लिहायला घेतला आणि नेमकं तेव्हाच मावशीचं रडणं तुटलं.

ती फळीला बिलगून, तोंडापाशी तोंड नेऊन शेवटचं आर्जव करत होती. तिथे ती नेहमी एक लांब सूर घ्यायची आणि मी खालून सनईने तो उचलायचा. मी उचलायला गेलो तर सूर जागेवर नाही. मी वर पाहिलं. मावशी त्या पिवळ्या कागदाकडे टक लावून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला होता, की फळीवर कोण आणि खाली कोण असा प्रश्न पडावा.

"पेई," ती पुटपुटली, "कागद हलला."

"वारा असेल."

"आत ओढला गेला, पेई. नाकाशी."

आणि मग ती ओरडली. "हे जिवंत आहेत! अहो, श्वास चाललाय! डॉक्टर! कुणीतरी डॉक्टरला बोलवा रे!"

मंडळी, तुम्हाला सांगतो, अख्खं दालन हुंदके देऊन रडू लागलं. इतका वेळ कोरडी राहिलेली माणसंसुद्धा डोळे पुसू लागली. "काय रडते ही बाई! काय रडते!" ती जाडी बाई नाक शिंकरत म्हणाली. "अगदी खरं वाटतं." कुणीतरी मोबाइल उंच धरून चित्रीकरण सुरू केलं. मेंगने लांबूनच मावशीला अंगठा दाखवला. मेलेल्याला उठवू पाहणं हेच तर रडणारणीचं काम. चहा गार होतोय, उठा. बदकं भुकेली आहेत, उठा. श्वास चाललाय, उठा. ह्यात नवीन काय?

"अरे मेल्यांनो, मी रडत नाहीये!" मावशी किंचाळली. "खरंच सांगतेय! धंद्याची शपथ!"

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं.

ते 'वा' ऐकून मी सनई कमरेला खोचली. तिच्या गळ्यातून इतका बेसूर आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मावशीने मग फळीचं एक टोक धरलं. "पेई, दुसरं धर. त्या कोपऱ्यातल्या तातडीच्या खोलीत नेऊ." मी धरलं. दोन पावलं टाकली असतील नसतील, मेंगची माणसं आडवी आली. मयत दालनातून हललं की भरपाई हलली, हा त्या धंद्यातला पहिला नियम. रुग्णालयाने एकदा मयत आत नेलं की उद्या पुरावा काय उरतो?

"मयत पळवतायत!" मेंग गरजला. "लोकहो, ह्या बाईला रुग्णालयाने फोडली!"

बघता बघता लोकांनी हातात हात घालून कडं केलं. आताच डोळे पुसणारी माणसं ती. जाड्या बाईने मावशीच्या थोबाडीत दिली. "किती घेतलेस, सटवे? मेलेल्या बापावर?"

"हात लावून बघ ना!" मावशी गालावर हात न ठेवताच म्हणाली. "हात लाव त्यांच्या छातीला. एकानं तरी लावा!"

कुणी पुढे येईना. मयताला परक्याने शिवलं तर त्याची पीडा मागे लागते. मयतासाठी मारामारी करायला शे-दीडशे माणसं तयार होती. हात लावायला एक नाही. गुओलियांग हातात पेन धरून उभा होता, आणि तो बापाकडे पाहत होता की कराराकडे, हे त्याचं त्यालाच कळत नसावं.

मावशी मग वळली ती डॉक्टरकडे. तो अजूनही घमेल्यापुढे, मान खाली. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याच्या कानाशी, रोजच्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "बाळा, तुझा पेशंट मेलेला नाही. ऊठ."

त्याने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. त्याला आधी वाटलं असावं, ही आणखी एक चेष्टा. मग तो उठला. पाय बधिर झाले होते म्हणून पडला, पुन्हा उठला, आणि सात अंगरख्यांच्या गाठी दातांनी तोडत त्याने म्हाताऱ्याच्या छातीला कान लावला.

त्याला ठोका ऐकू आला असावा. त्याने यिन आजोबांना कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घातली आणि पाठीवर जोरजोरात थापा मारायला सुरुवात केली.

"मेलेल्याला मारतोय! अरे, मेलेल्याला मारतोय!"

लोक तुटून पडले. लाथा, छत्र्या, एक कागदी फुलांचं चक्र, जे हाती लागेल ते. डॉक्टर थांबेना. मावशी त्याच्या पाठीवर आडवी पडली, म्हणजे निम्मे फटके तिला बसले. मीही पुढे घुसलो आणि सनईच्या पितळी तोंडाने तीन जणांना लोळवलं. म्हणजे एकाला, पण तो दोघांच्या अंगावर पडला.

आणि मग यिन आजोबा खोकले.

कफाचा एक हिरवा लोळा फरशीवर पडला आणि त्यामागून एक लांब, घोगरा, भिजलेल्या भात्यासारखा श्वास आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. छत्री उगारलेला माणूस छत्री उगारूनच उभा राहिला.

आजोबांनी डोळे उघडले. पांढरं फडकं पाहिलं, चक्रं पाहिली, स्वतःच्या पायातले जोडे पाहिले. मग मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पाणी," ते म्हणाले.

पहिला भानावर आला तो उपअधीक्षक. त्याने बाकावरचा करार उचलून घडी घातली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मयतच नाही तर भरपाई कसली?"

दुसरा मेंग. "एक मिनिट! म्हणजे ह्या डॉक्टरनं जिवंत माणसाला मरायला घरी पाठवलं! ही तर त्याहून मोठी चूक! लोकहो, दुप्पट पाहिजे की नको?"

"पाहिजे!" लोक ओरडले. हो, तेच लोक. आत्ता डॉक्टरला लाथा घालणारे, ह्या क्षणी म्हाताऱ्याच्या जिवंतपणावर मालकी सांगत होते.

पण गुओलियांग फळीपाशी आला, बापाचे पाय धरून खाली बसला आणि गुराने हंबरावं तसा रडायला लागला. तेव्हा मेंगसुद्धा फडकं उतरवायला लागला. आजोबांना तातडीच्या खोलीत नेलं. ढकलगाडीमागे डॉक्टर शुए चालला होता, फुटलेल्या ओठाने, आणि वाटेतली माणसं बाजूला होत होती.

त्या संध्याकाळी मावशी आणि मी मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सूज उतरावी म्हणून ती गालावरून गार उकडलेलं अंडं फिरवत होती. डॉक्टर बाहेर आला. आमच्यापासून एक पायरी सोडून बसला.

"मावशी," तो म्हणाला, "मेंग बोलला ते खरं आहे. मी दोन दिवस थांबायला हवं होतं. कफ काढायचं यंत्र बिघडलेलं, वरच्यांना सांगायला भ्यालो, आणि म्हटलं, वय झालंय. घरी न्या."

मावशीने अंडं थांबवलं.

"सकाळपासून मला सगळ्यांनी गुडघ्यांवर बसवलं," तो म्हणाला. "पण काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"आता जाऊन सांग की."

"आता?" तो हसला की रडला ते मला दिसलं नाही. "आता मी माणूस जिवंत करणारा डॉक्टर झालोय. अधीक्षक उद्या माझा सत्कार करतायत."

मावशीचा मात्र सत्कार झाला नाही. बाजारात भाजीवाल्याने पहिला प्रश्न टाकला, "काय मावशी, रुग्णालयानं किती दिले?"

"पोतंभर," मावशी म्हणाली.

ही थट्टा होती, पण दुसऱ्या दिवशी तिचा पुतण्या उसने मागायला हजर. कुणी फुकट खरं बोलेल, ही गोष्टच लोकांच्या गळी उतरत नव्हती. मेंगने तिला कामावर बोलावणं बंद केलं. साध्या मयतांचीही बोलावणी आटली. जिच्या रडण्याने मेलेला उठून बसतो, तिला कोण बोलावणार? घरोघरी वाटण्या ठरलेल्या असतात हो. तिने शेवटी पुलाखाली शेंगदाणे भाजायला सुरुवात केली, आणि तिथेही गिऱ्हाइकं म्हणत, मावशी, दाणे तरी खरे भाजलेत ना?

दाणे विकून झाले की ती वॉर्डात जायची, आणि मागोमाग मीही. यिन आजोबा उशीला टेकून बसलेले असत.

"तूच ना ती?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"हो."

"रडलीस बरी. पण मायाळू बाप काय म्हणालीस? पोराला मी बदकांच्या काठीनं फोडून काढायचो."

मावशीचा हात संत्र्याच्या सालीत थांबला. "तुम्ही... ऐकत होतात?"

"सगळं. पापणी हलवता येईना, पण कान उघडे." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "वीसवरून निघाले होते. मला वाटलं, माझा पोरगा दहापर्यंत तरी ताणेल."

मावशीने संत्र्याची एकेक फोड सोलून, बी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"त्याला सांगू नकोस," आजोबा म्हणाले. "त्याला वाटतं मी बेशुद्ध होतो. रोज पेज घेऊन येतो बिचारा. आणि हे बघ, माझ्यासाठी एकदा रडून झालंय तुझं. पुढच्या वेळी फुकट रडायचं नाही. यायचं, जेवायचं, जायचं."

वसंत लागता लागता ते गेले. घरी, उंबऱ्याच्या आत, अगदी रीतसर. फक्त ते गेलेत असं म्हणायची घरात कुणाची छाती होईना. गुओलियांग म्हणे सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या नाकाशी तळहात धरून बसला होता. शेवटी डॉक्टर शुए सायकलवरून आला, खूप वेळ छातीला कान लावून राहिला, आणि त्याने सांगितलं तेव्हा लोकांनी त्याच्याकडूनसुद्धा दोनदा वदवून घेतलं.

गल्लीत मांडव पडला. रडायला शेजारच्या तालुक्यातून एक तरणी बाई आणली होती, ध्वनिक्षेपक घेऊन. मावशी साध्या कपड्यांत आली, तीनदा वाकली, आणि मागच्या टेबलावर माझ्या शेजारी बसली. मयताचं जेवण म्हणजे आमच्याकडे टोफूच. सगळे खाली मान घालून जेवत होते. तरणीने सूर चढवला, शवपेटीवर हात टाकला आणि ध्वनिक्षेपकातून साऱ्या गल्लीत घुमवलं, "बाबा, एकदा, फक्त एकदा डोळे उघडा!"

सगळ्या मांडवाच्या जेवणाच्या काड्या जागच्या जागी थांबल्या. जाड्या बाईचा घास तोंडाशी राहिला. पेटीजवळ गुडघ्यांवर बसलेला गुओलियांग हळूहळू सरळ झाला आणि झाकणाकडे बघत राहिला. वाढपीसुद्धा पळी धरून तसाच उभा.

मावशीने त्याच्यापुढे आपला वाडगा धरला.

"वाढ रे," ती म्हणाली. "मला अजून लागेल."